तीन बोटं

बोटं उभी घालायची तोंडात, मॅडम म्हणाल्या.
तीन मावली तर ठीक.
डोमाच्या तोंडात दोन गेली, दुसरंही अडकत.
माझा भाऊ हसायला गेला
तर हसूही तेवढंच उघडलं.

टेंभुर्णे मॅडमनी मला यंत्राच्या डोळ्यातून बघू दिलं:
काचपट्टीवर डोमाच्या गालाचा तुकडा,
नखाएवढाही नाही, गुलाबी रंगवलेला.
मी म्हटलं, बाई, हा तर ताणा.

खरंच ताणा.
आंधळगावात आमच्या दारापासून बोअरिंगपर्यंत
सकाळी ताणतो तसा.
एकेक धागा सरळ, एका दिशेनं, खुंटीला बांधल्यासारखा.
चांगल्या गालात असं नसतं, त्या म्हणाल्या,
तिथं सैल गुंता असतो,
कोशातला धागा निघून गेल्यावर
टोपलीत उरणाऱ्या पुंजक्यासारखा.

आणि गाठ?
अजून नाही. होईलही.
पण तिच्याआधी तिची वाट टणक होते.
पेशी म्हणे खाली चाचपून बघते.
मऊ लागलं की निवांत राहते,
कडक लागलं की जोर लावते, ओढते.
ओढल्यानं धागा आणखी ताठ,
ताठ झाला की ती आणखी ओढते.
आणि एकदा सरळ धाग्यावर चढली
की गावाबाहेर पडते.

हे मला सांगायला नको होतं.
ढिल्या ताण्यात धोटा अडखळतो, ताठ ताण्यात पळतो,
चाळीस वर्षं कानात तोच खटका आहे.
डोमाचे दोन्ही हात मागावर, दोन्ही पाय पावडीवर,
मोकळं होतं ते फक्त तोंड.
त्यात त्यानं खर्रा भरला.
पन्नीत घोळून घोळून, दिवसाला पाच पुड्या.

माझी डावी मांडी बघा.
बारा वर्षांची होते तेव्हापासून
राख लावून कोशाचा धागा इथं वळते.
इथली कातडी आता कातडी नाही,
मुंगी चढली तरी कळत नाही.
मी विचारलं, मग मांडीला काहून नाही झालं?
मॅडम थांबल्या.
म्हणाल्या, सगळं माहीत नाही आम्हाला.
त्या दिवसापासून मला त्या आवडतात.

कोश म्हणजे अळीचीच थुंकी, वाळून टरफल झालेली.
राखेच्या पाण्यात उकळला की डिंक सुटतो, धागा येतो.
रात्री चुलीशी मी म्हटलं,
माणसाचा गाल असा उकळता आला असता तर.
"मंग आधी मलेच मरा लागन, बाई,
कोशातली अळी कोनी वाचवली का आजवर?"
त्याचं बोलणं दोन बोटांच्या फटीतून येतं,
अर्धं चपटं होऊन.

आता तो आइसक्रीमच्या काड्या
एकावर एक रचून दातांत धरतो. व्यायाम.
काल अकरा. आज अकरा.
परवा बारावी ठोकायला गेला, ओठ फाटला.
मी मोजते.
खर्रा सुटला म्हणतो.
मागाखाली कधीमधी पन्नी सापडते,
ती कुणाची, मी विचारत नाही.
उन्हानं ताणा तडकू नये म्हणून
दुपारी त्यावर पाणी शिंपडतात.
मी आता तिन्हीसांजेलाही शिंपडते,
गरज नसली तरी.