भिडणे

इनास मास्तर फळ्यावर घोडा काढत होते.
समोरासमोर दोन सरदार, भाले रोखलेले.
पोर्तुगीज या झुंजीला म्हणत जुश्ता.
मूळ लॅटिन. अर्थ अगदी साधा:
जवळ येणे.

कोर्लईची पोरं हसली.
मारायला जायचं, आणि म्हणे जवळ!
मागून धाऊ नाखव्याची पोर म्हणाली,
"म्हणजे भिडणं, ना?"

खडू घोड्याच्या शेपटीवर थांबला.

खिडकीबाहेर ओहोटी. चिखलात
काठाला काठ भिडलेल्या दोन होड्या,
एक त्यांची, एक थोरल्या पास्कूची.
मासळी वाळवायच्या जागेवरून
अकरा वर्षं बोलणं नाही.
भांडणही नाही.
भीड, दुसरं काय.

शाळा सुटली तसे मास्तर
खडूच्या हातानेच पास्कूच्या दारात गेले
आणि कडकडून भांडले.