पारड्याखाली

ग्रीन बँकमध्ये पेट्रोलची गाडी दुर्बिणीजवळ नेत नाहीत,
ठिणगीचासुद्धा आवाज होतो तिथे.
मायक्रोवेव्ह पिंजऱ्यात, मोबाइल मुका,
आणि डेल्मर आपल्या खटारा डिझेल ट्रकमधून
दरीभर हिंडतो, खरखर कुठून येते ते हुंगत.
परवा सापडली:
मिसेस शिनबेरीच्या खुराड्यात
कोंबड्यांना ऊब द्यायची विजेची गादी.
"कुडकुडतील हो बिचाऱ्या," ती म्हणाली.
डेल्मरने गवताचे दोन भारे आणून टाकले.

मी ऐकते ते आणखी लांबचं.
एका आकाशगंगेच्या पार कडेचा हायड्रोजन.
त्याची लहर एकवीस सेंटिमीटर,
म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत
बरोब्बर माझी वीत.
रात्री अडीचला पडद्यावर ती वीत
एकीकडे जराशी आखडते, दुसरीकडे ताणते,
त्यावरून वेग काढायचा.
कडेला तारे विरळ, वेग मात्र उतरत नाही.
गोफणीतल्या दगडासारखी
ही कड केव्हाच सुटून जायला हवी होती.
सुटत नाही.

अण्णा बार्शीला वजनमापे निरीक्षक होते.
भुसार बाजारात आधी नमस्कार, मग चहाला नकार,
मग रिकामा तराजू उचलून नाकासमोर धरायचे.
रिकामं पारडं झुकलं, की बोलत नसत.
पालथं करत.
खाली चिकटवलेला चिंचेचा गोळा.
"साहेब, पोरांनी खेळता खेळता..."

मला पालथं करता येत नाही.
नुसतं झुकणं मोजता येतं,
तेही सहा रात्री, आभाळातली खरखर वजा करून.
त्या कणाची नावं मात्र पाच-सहा तयार आहेत.
बारसं झालं, पोराचा पत्ता नाही.
कोणी म्हणतं जड आहे,
कोणी म्हणतं इतका हलका, की एकेका कणाची लाट
लहानशा आकाशगंगेएवढी लांब.
पहाटे वहीत मी तेवढंच लिहिते:
असलाच, तर याहून हलका नाही.
अण्णांच्या शेऱ्यांसारखं अक्षर, उजवीकडे कललेलं.

"सापडलं?" डेल्मर दारातून विचारतो.
नाही. कुठे नाही, ते थोडं सापडलं.
तो टोपी मागे सारतो.
"म्हणजे एक खुराडं कमी झालं."
आणि टेबलावर पिशवी ठेवतो,
मिसेस शिनबेरीने पाठवलेली सहा अंडी,
त्यातलं एक तडकलेलं.