साठ सेंटची तलवार

बहिणीचं घर रिकामं करताना
तळघरात, पाणी तापवायच्या टाकीमागे
लेलंड पेंगेलीला एक खोकं सापडलं.
बाहेर लिहिलेलं: ‘बरण्यांची झाकणं’.
आत बारा पुस्तकं.

मोंटानातला एप्रिल, म्हणजे अजून बर्फच.
गावाच्या डोक्याशी तांब्याच्या खाणीचा खड्डा,
विषारी पाण्यानं काठोकाठ येत चाललेला,
आणि त्यात पाखरं उतरू नयेत म्हणून
रात्रभर काढलेले बार.

पहिल्याच मुखपृष्ठावर
कवट्यांच्या ढिगावर पाय रोवून व्हार्कुल,
दंड असे की गावातल्या एकाही खाणकामगाराचे नव्हते.
त्याच्या पोटरीला बिलगलेली एक बाई,
आणि तिच्या उघड्या अंगावर डोर्कसनं
निळ्या बॉलपेननं चढवलेला स्वेटर.
कॉलरसकट. गुंड्यांसकट.

संपाचा हिवाळा होता तो. टीव्ही विकलेला.
बाप चुलीपुढे बसून स्वतःच्या हातांकडे बघायचा,
जणू कुणी उसने दिलेत.
तेरा वर्षांची डोर्कस रोज रात्री वाचायची,
मांत्रिकाला आजीचा कॉर्निश हेल देऊन,
राक्षसाला फोरमनचा.

आता लेलंड दुधाच्या क्रेटवर बसून
चष्मा पुसतो, वाचायला लागतो.
अरेरे.
रात्र काळीकुट्ट, भयाण, निःशब्द, आणि पुन्हा काळी.
व्हार्कुल आला की दार मोडतंच,
नुसतं लोटलेलं असलं तरी.
राण्यांच्या तोंडी एकच शब्द: ‘वाचवा!’
वाळवंटापलीकडचे लोक झाडून सारे कपटी;
हे तेव्हा खटकलं नव्हतं,
याचंच आता खटकतं.
तरीही तिसऱ्या पुस्तकात
बर्फातल्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढता चढता
त्याची कॉफी गार होते.
तलवार म्यानातून निघते
आणि मानेवरचे केस उभे राहतात.
आपण पांढरे झालोय
हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

पण तो शोधतोय ते वेगळंच.
आंधळ्या लोहाराचा प्रसंग.
सगळं जिंकून झाल्यावर व्हार्कुल परत येतो,
उधारीवर नेलेली तलवार ऐरणीवर ठेवतो,
लोहार पात्यावरून बोट फिरवतो, म्हणतो:
‘बारा खाचा. त्यातली एक मनाविरुद्धची.
कुठली, ते कळलं मला. बस, जेवून जा.’
नोकरी गेली तेव्हा, बायको गेली तेव्हा,
एकदा कोर्टाबाहेरच्या बाकावरसुद्धा
हेच वाक्य त्यानं खिशातल्या किल्लीसारखं चाचपलं होतं.

बारा पुस्तकं, सहा रात्री.
लोहार नाही.
आंधळा तर नाहीच, डोळसही नाही.

बाराव्याच्या शेवटी पानं फाडलेली,
कण्याला चिकटून राहिलेले नुसते कागदाचे दात.
आणि मग आठवतं:
ओलं सरपण, न पेटणारी चूल,
बापाच्या हाताला लागलं ते पुस्तक.
म्हणजे त्या रात्री डोर्कस कोऱ्या हवेतून वाचत होती.
पानं उलटल्याचा आवाजही काढत होती,
करंगळीनं, रजईच्या काठावर.
पलीकडे बाप जागा होता.
‘बस, जेवून जा’ म्हणताना तिनं
कुणाकडे पाहिलं होतं?
तो खूप ताणून बघतो. आठवत नाही.

पुढे एकतीस वर्षं डोर्कसनं
काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरपट्ट्या दिल्या.
लिहिलं काहीच नाही.
झाकणांचं खोकं तेवढं जपलं.

सातव्या रात्री तो मोठ्यानं वाचतो,
रिकाम्या खोलीला, फाटलेल्या जागेपर्यंत.
मागे सांगाड्यांची फौज, पुढे दरी,
व्हार्कुल खोगिरावर,
आणि इथेच घोडं पेंड खातं.
लेलंड घसा साफ करतो.
‘घोडा,’ तो म्हणतो, ‘घोडा फार दमला होता.’
दूर खड्ड्याकाठी बार निघतो.
‘त्याचं नाव…’
नाव काही सुचत नाही.
तो करंगळी रजईच्या काठावरून ओढून बघतो.
आवाज अगदी तसाच येतो.