हातमोजा

डिपस्टिक आपणहून वर आली होती,
चांगली दोन बोटं,
भोवती तेलाचं काळं आळं.
बॉनेट उघडं धरून मी नुसतीच उभी.
बाहेर उणे एकोणीस, गराजात उणे चार.

व्होल्व्हो. लांब पाठीची, बाटलीसारखी हिरवी,
रात्रपाळीच्या फेऱ्यांसाठी घेतलेली,
जेव्हा बूरेओच्या गावागावांतून मी
म्हाताऱ्यांना इन्सुलिन टोचत फिरायचे.
आता त्या यादीत मी बसते.

कपाटात हातमोज्यांचं एक खोकं अजून आहे.
त्यातला एक तेलाच्या तोंडावर चढवला,
रबर गुंडाळलं,
चावी फिरवली.

आधी अंगठा उठला.
मग करंगळी, मग मधली तिघं,
पाचही ताठ,
आतून कुणी शपथ घेत असल्यासारखी.
'चोंदलंय,' मी म्हणाले.
हाब्तोम हसू दाबत होता.
सतरा वर्षांचा, शेजारच्या जिन्यातला,
शाळेत वाहनदुरुस्ती शिकतो.

इंजिनाच्या पोटात वायू धरतो,
त्याला बाहेर यायला एक वाट असते,
आणि बाहेर म्हणजे पुन्हा इंजिनाच्याच नाकात:
उष्टंही जाळून संपवायचं,
माझ्या आईची काटकसर.
वाटेवर एक काळी डबी,
मॅनिफोल्डच्या आड,
जिथे माझं मनगट पोचत नाही.
त्याचं पोचतं.

'बारा नंबर?' त्याने विचारलं.
मी श्वास आत ओढला, हुप्, दातांच्या फटीतून.
आम्हा उत्तरेकडच्यांचं 'हो' एवढंच असतं.
स्टॉकहोमची माणसं दचकतात,
हिला काही चावलं की काय.
त्याने वर न बघता बारा नंबर उचलला.

'तुला कळलं?'
'केरेनला माझी मावशी असंच हो म्हणते.
फोन तुटत असला
की तेवढंच ऐकू येतं.'

मग बराच वेळ फक्त नट बोलले.

नळी बिस्किटासारखी हातात तुटून आली.
डबीत तेल नव्हतंच,
डांबर होतं, वर पिवळट साय.
त्याने बोटाने ती साय मला दाखवली,
लहान मुलाने जखम दाखवावी तशी.
'गाडी जवळच्या जवळच फिरते का?'

मी मोजलं.
दुकान, दोन किलोमीटर.
ग्रंथालय, त्याच्याही अलीकडे.
तोरस्टेनची कबर, उतारावरून,
हीटर गरम व्हायच्या आत.
चार वर्षं.

'तापलं नाही की आतलं पाणी आतच राहतं,'
हाब्तोम म्हणाला. परीक्षेत आलं होतं म्हणे.
मी मान हलवली नाही.
श्वासही ओढला नाही.

ब्लॉकमधलं भोक विणायच्या सुईने कोरलं,
साडेतीन नंबरच्या. ती सुई आता गेलीच.
नवी डबी, नव्या नळ्या, नवं गॅस्केट,
नट मधून कडेला, कडेला,
आणि कॉफी दोनदा गार.

पुन्हा मोजा. पुन्हा चावी.

काही नाही.
मोजा एका कुशीवर पडून राहिला.
मग तळवा जरासा खोल गेला,
एकेक बोट वळून आत शिरलं,
करंगळी सगळ्यांत शेवटी,
आणि गाडीने, माझ्या हिरव्या म्हातारीने,
दातांच्या फटीतून
हुप् केलं.

आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

'उद्या आर्विड्सयौरला नेऊ,' तो हात पुसत म्हणाला,
'जाऊन येऊन तीनशे. सगळं पाणी उडून जाईल.'
त्या रस्त्यावर मी शेवटची गेले
ती तोरस्टेनला घेऊन, हॉस्पिटलच्या आधी,
त्याला रेनडिअर बघायचे होते, दिसले नाहीत.

मी ट्रेकडे बघत होते.
ट्रेमध्ये एक नट उरला होता.
बारा नंबरचा.
हाब्तोमनेही पाहिला,
आणि लगेच छताकडे बघायला लागला.

'आधी हा,' मी म्हणाले,
आणि दिवा पुन्हा लावला.