चुरा, चूर्ण

डब्यावर बापूसो मगदूमनी खडूनं लिहिलं,
डाव्या हातानं, तिरपं: हिरड्याचा चुरा.
मी म्हटलं, पुसा. चूर्ण लिहा.
"वैनी, खलात घातलं, बडवलं, बारीक झालं.
मग चुराच की हो."

गंगावेशीत आमचं दुकान तीन पिढ्यांचं,
पण हे कुणी विचारलं नव्हतं.
मी सासऱ्यांचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं:
चूर्ण वस्त्रगाळ असतं, मलमलीतून उतरतं,
चुरा कापडावर राहतो.
आणि चूर्ण करावं लागतं. चुरा होतो.
फरसाणाच्या पिशवीच्या तळाशी असतो तो,
एसटीत चेंगरलेल्या बिस्किटांचा,
कुणी ठरवून करत नाही.

बापूसोंनी मान हलवली.
उजवा हात मांडीवर होता, पंचाखाली, नेहमीसारखा.

"उद्यमनगरात बावीस वर्षं फाउंड्रीला होतो.
साच्याची पेटी निसटली त्या दिवशी
सीपीआरमधला डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाला,
तीन बोटांचा चुरा झालाय.
म्हणजे शब्द बरोबर वापरला त्यानं.
कुणी ठरवून केलं नव्हतं.
मालकानं पण हेच लिहून दिलं."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली,
बरण्यांची झाकणं वाजत राहिली.
मी चहा सांगितला.

ते गाळायला बसले.
पातेल्याच्या तोंडाला मलमल बांधली,
गाठ दातांनी ओढली.
हिरडा पिवळसर धुरासारखा खाली उतरू लागला.
वर राहिलेलं पुन्हा खलात,
पुन्हा कापडावर. चारदा.
पाचव्यांदा मी म्हटलं, राहू द्या आता, मूठभरच आहे.
"थांबा. जातंय ते."

मग डबा पुढ्यात ओढला, ओल्या फडक्यानं पुसला.
"चू दीर्घ?"
दीर्घ.
"आणि र?"
र वर. ण च्या डोक्यावर.
"चुऱ्यात तर खाली उभा होता."
होता.
"मग वर कसा गेला?"

हे सासऱ्यांनी शिकवलं नव्हतं.

खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं
बापूसोंनी रफार एवढा मोठा काढला
की तो डब्यावर मावला नाही,
झाकणावर गेला.