केळघर घाट उतरताना

"उतारावर गिअरला धर,
ब्रेकच्या नादी लागू नको,"
नजीर मिस्त्री म्हणाला होता मेढ्यात,
फडक्याला हात पुसत, माझ्याकडे न बघता.

मी लागलो.

तिसऱ्या वळणावर खडी सांडलेली.
मागची चाकं निघाली
आपापल्या वाटेनं.
स्टिअरिंग हातात होतं,
गाडी नव्हती.

खाली दरीत कुणाच्या तरी चुलीचा धूर,
तेवढाच दिसला. नीट दिसला.

मग हातांनीच ठरवलं काहीतरी,
घसरतेय तिकडंच वळवलं,
आणि कठडा.

उतरलो. पाय आपलेच आहेत का बघितलं.
दगडावर जुने ओरखडे:
निळा, टेम्पोचा पिवळा, एसटीचा लाल,
आणि सगळ्यांत ताजा
माझा पांढरा.

मागच्या सीटवरून
डब्यातली आमटी
अजून ठिबकत होती.