नावं ठेवणारी बाई

ओतीलिया कास्तान्येदा गेली. मंगळवारी.
स्कॉट्सब्लफच्या नगरपालिकेवरचा झेंडा अर्ध्यावर आला,
साखर कारखान्याचा भोंगा मात्र वेळेवर झाला.

मी तिला पहिल्यांदा भेटलो तो कुत्र्याच्या परवान्यासाठी.
एकोणनव्वदचा जानेवारी, बाहेर उणे बावीस,
मी पाणीखात्यात नवा, बुटांतून बर्फ गळतोय.
खिडकीपलीकडे ती. चष्म्याला साखळी, बोटाला शाई.
कुत्र्याचं नाव?
काळू.
तिनं टाइप केलं, वाचून दाखवलं: कालू.
चालेल, म्हणालो मी. एवढ्या लांब येऊन
एका ळसाठी कोण भांडत बसतं?
तुम्हाला चालेल, ती म्हणाली, कुत्र्याला विचारलंत?
आणि मागे रांग खोळंबलेली असताना
पाच मिनिटं ती जीभ टाळूला लावून ळ शोधत राहिली.
सापडला नाही. ड आणि र यांच्या मधे कुठंतरी घसरला.
मग एलच्या पायाशी पेनानं एक टिंब दिलं:
आता निदान कळेल, इथं काहीतरी राहिलंय.

त्या टंकयंत्रावर तिचंही अक्षर नव्हतं.
एनच्या डोक्यावर एक छोटी लाट लागते,
ती ऑफिसनं कधी विकतच घेतली नव्हती.
चौऱ्याहत्तर साली ती सिटी क्लार्क झाली,
रुळांपलीकडच्या वस्तीतली पहिलीच;
दारावरची पाटी आली तीही लाटेशिवाय.
गावानं नावं ठेवली.
उच्चार जाड, म्हणाले. वशिला असणार, म्हणाले.
बीट खुरपणाऱ्यांची पोर, ती आमची इतिवृत्तं लिहिणार?
तिनं लिहिली. एकतीस वर्षं.
ज्यांनी नावं ठेवली, त्यांचीही नावं
अचूक स्पेलिंगसकट.

स्मशानाची वही तिच्याच कपाटात असायची.
जुन्या पानांवर, उत्तर कोपऱ्यातल्या ओळींत,
नावाच्या रकान्यात एकच मजकूर:
मेक्सिकन बाळ. मेक्सिकन बाळ. मेक्सिकन, पुरुष.
शनिवारी ती वही पिशवीत घालून निघायची,
(न्यायची परवानगी होती का, मी विचारलं नाही)
स्वयंपाकघरांत बसायची, म्हाताऱ्यांना बोलतं करायची:
गारपीट झाली ते वर्ष का? की पूल वाहून गेला ते?
कुणी आठवायचं, कुणी दार लावून घ्यायचं,
एका आजीनं नऊ महिने फक्त कॉफी पाजली
आणि दहाव्या महिन्यात दोन नावं दिली.

ती वही मी पाहिली आहे. पाइपलाइनसाठी
हद्द बघायला मागितली होती, आणि वाचतच बसलो.
एकोणीसशे एकेचाळीस, मार्च. मेक्सिकन बाळ, मुलगा.
शेजारी तिच्या अक्षरात: रेफुहिओ कास्तान्येदा.
शाई तीच, अक्षर तेवढंच,
वरच्या आणि खालच्या ओळींसारखंच.
एनवर लाट.
मी वही मिटली, परत दिली,
आणि पाइपलाइनबद्दल काहीतरी बोललो.

आता सभागृहाला तिचं नाव द्यायचं ठरलं.
पितळी पाटी ओमाहाहून आली,
आणि अर्थात लाट नव्हती.
पुन्हा घडवायला दोनशे बारा डॉलर.
कौन्सिलमध्ये चाळीस मिनिटं वाद:
करदात्यांचा पैसा, एवढंसं वळण, कोण बघतं.
मी मागच्या बाकावर होतो, निवृत्त माणूस,
ठरावाशी संबंध नाही,
तरी उठलो आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली.
नीट जमली नाही. दोघंतिघं हसले.
तीन विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर.

घरी येऊन खण उपसला.
काळू जाऊन वीस वर्षं झाली,
पण परवाना आहे. कागद पिवळा,
टंकाची अक्षरं फिकी,
आणि टिंब मात्र काळंभोर.

आमच्याकडे म्हणतात, पोरानं नाव काढलं.
हिनं काढली ती मातीखालून,
एकेक करून, झटकून,
आणि ठेवली
जिथं ठेवायला हवी होती तिथं.